कँटरबरी व्हाया कारापूर

मागल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला चॉसर आला आणि आमच्या खोलीचे स्वास्थ्य हरपले. सरांनी कँटरबरीची यात्रा अशी रंगवून सांगितली की विचारू नका. ११७० साली भर चर्चमध्ये झालेला आर्चबिशप टॉमस बेकेटचा खून, त्याच्या समाधीच्या दर्शनाला लंडनहून घोड्यांवर बसून, वाटेत एकमेकांना गोष्टी सांगत निघालेले ते यात्रेकरू. मग ओघाने यॉर्कचा तट, बाथमधली रोमन लोकांची स्नानगृहे, ऑक्सफर्डची जुनी कॉलेजे. घंटा झाली तरी आम्ही चौघे बाकावरून उठलो नाही.

रात्री खोलीवर मनोराज्य सुरू झाले. चौघे मिळून इंग्लंडला जायचे, ही जुनी शहरे पायी हिंडायची, पाव खाऊन राहायचे. आमच्यात एक कॉमर्सचा विद्यार्थी आहे. मेसचा हिशेब तोच ठेवतो, म्हणून त्याला सगळे 'खजिनदार' म्हणतात. त्याने विमानाचे भाडे, व्हिसाची फी आणि पावाचा खर्च असा ताळेबंद मांडला आणि वही मिटली. "चौघांनी मिळून एकाला पाठवायचं म्हटलं तरी जमत नाही," तो म्हणाला. "तो एकटा जाऊन आला की आपल्याला गोष्टी सांगेल."

"एवढ्या लांब कशाला?" बैलहोंगलकडचा आमचा गौडा म्हणाला. गौडा हे त्याचे आडनाव नव्हे, त्याच्या एकूण बैठकीवरून पडलेले नाव आहे. "जुनं गाव बघायचं, चर्च बघायचं, देव बघायचा. ह्याच्या गोव्यात सगळं हाय की!"

तिघांनी माझ्याकडे पाहिले. इथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. बेळगावच्या होस्टेलवर 'गोव्याचा मुलगा' म्हणून अस्मादिकांना थोडा भाव आहे. आमच्या अंगणात समुद्राच्या लाटा येतात आणि घरामागे काजूच्या बागा असतात असा मित्रांचा समज आहे, आणि तो मी कधी खोडून काढलेला नाही. वस्तुस्थिती अशी की माझे गाव कारापूर. डिचोली तालुक्यात, वाळवंटी नदीच्या काठी. नदीच्या एका काठाला साखळीचा बाजार, दुसऱ्या काठाला आम्ही. समुद्र पाहायचा तर आम्हालाही दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. आणखी एक गोष्ट मी सांगून ठेवली होती. वडील काय करतात असे पहिल्या वर्षी कोणी विचारले, तेव्हा "ट्रान्सपोर्टचा धंदा आहे," असे मी म्हणालो होतो.

म्हणून मी म्हटले, "आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही रे."

पण खजिनदाराने वही पुन्हा उघडली होती. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस, माणशी आठशे रुपये, मुक्काम कारापूरला. टॅक्सी नाही, हॉटेल नाही, पाच किलोमीटरच्या आतले अंतर पायी. मी काही म्हणायच्या आत ठराव एकमताने पास झाला. चौथ्या मेंबराने, म्हणजे आमच्या नाटक्याने, अनुमोदनाचे भाषणही केले.

सकाळी बेळगावहून निघालो. जांबोटी सोडली की झाडी दाट होत जाते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. त्याच डोंगरावर पडलेले पाणी जरा पलीकडे सांडले तर पश्चिमेला घाट उतरून म्हादईला मिळते आणि समुद्रात जाते. या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा भांडत आले आहेत. लवादाने २०१८ साली निवाडा दिला, तरी भांडण मिटलेले नाही. खजिनदाराने सुचवले की शांततेचा भंग होऊ नये म्हणून गौडाने आणि मी चोर्ले घाट संपेपर्यंत वेगवेगळ्या बाकांवर बसावे. प्रत्यक्षात गौडा माझ्या खांद्यावर डोके टाकून साखळी येईपर्यंत घोरत होता.

घरी पोचलो तर आईने अर्धे अंगण सारवून ठेवले होते. तिला मराठी समजते, पण बोलायला लागली की कोंकणीच येते. गौडाचे मराठी बेळगावी, आणि पोट भरले की तो मुळावर, म्हणजे कन्नडवर जातो. जेवताना आईने आग्रह धरला, "पुता, आनीक इल्लें शीत घे." भाताचा तिसरा डोंगर पानात पडताच गौडा दोन्ही हात आडवे धरून ओरडला, "साकु, अम्मा, साकु!" आई लगबगीने आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली. त्याने भातावर साखर घेऊन खाल्ली. काय करणार? चार दिवस त्याच्या पानात न मागता साखर पडत राहिली. साकु म्हणजे 'पुरे', हे आईला सांगायची त्याने आम्हाला बंदी केली होती.

"बाबा कुठे आहेत?" खजिनदाराने विचारले. "गाडी घेवन गेल्यात," आई म्हणाली. ते खरेच होते. मी विषय बदलला.

कोणाची गाडी, हा खरा प्रश्न होता. माझ्या लहानपणी आमचा स्वतःचा टिप्पर होता, कर्ज काढून घेतलेला. खाणीतून नदीच्या धक्क्यापर्यंत लोहखनिज वाहायचा, तिथून ते बार्जमधून मुरगावला जाई. आमच्या गावात तेव्हा झाडांची पानेसुद्धा तांबडी असत. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मी पहिलीत होतो. मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा बंद पडल्या. टिप्पर अंगणात उभा राहिला. दुसऱ्या पावसात त्याच्या केबिनवर भोपळ्याचा वेल चढला आणि आईने भोपळेही काढले. नंतर तो भंगारात गेला. आता बाबा दुसऱ्याचा पिकअप चालवतात, मिळेल ते भाडे मारतात, पहाटे जातात आणि रात्री उशिरा येतात. हे सगळे लपवण्यासारखे आहे असे आज मला वाटत नाही. त्या दिवशी वाटत होते.

संध्याकाळी चौघे विठ्ठलापूरला गेलो. विठ्ठलापूर कारापूरचेच. राणे घराण्याचे विठ्ठलाचे देऊळ नदीकाठी आहे आणि चैत्रात तिथे मोठा उत्सव भरतो, त्यात वीरभद्र निघतो. ह्या राण्यांनी पोर्तुगीजांना फार छळले. १८५२ मध्ये दीपाजी राणे उठला, १८९५ मध्ये दादा राणे. लहानपणी मला ही माहिती नव्हती, मला देवळातला प्रसाद माहीत होता. गौडा विठोबासमोर बराच वेळ उभा राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "हा देव आमचा. तुमच्या संतांनीच कानडा म्हणून लिहून ठेवलंय." यावर नाटक्याने घाटावर बसून अभंग म्हटले, दोन्ही पक्षांचे समाधान झाले. वाळवंटीला त्या वेळी पाणी शांत होते. वीस वर्षे मी ह्या घाटावर पोहलो, पण तिथे बसून नदीकडे नुसते पाहिले असे कधी झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी हरवळ्याला पायीच गेलो. धबधबा दिवाळीनंतरही चांगला पडत होता. खाली रुद्रेश्वराचे देऊळ आहे, तिथे लोक दिवसकार्य करायला येतात. एका बाजूला सहलीला आलेली माणसे फोटो काढत होती आणि दुसऱ्या बाजूला एक तरुण मुंडन करून पिंड ठेवत होता. आम्ही फोटो काढले नाहीत.

लेणी जवळच आहेत. त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. महाराष्ट्रात काय, गोव्यात काय, कातळात खोदलेले काहीही दिसले की ते पांडवांच्या नावावर जमा होते. प्रत्यक्षात ती सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची मानतात. ओळीने खोल्या, आत शिवलिंगे. अजिंठा-वेरूळ मनात धरून गेलेल्याची निराशा होईल. चित्र नाही, कोरीव खांब नाहीत. पण खजिनदाराने भिंतीवर हात फिरवला आणि तो तांबडा झाला. दगड जांभा, ज्याचे आमच्याकडे चिरे काढतात. "हे तर तुझ्या घराच्या भिंतीचंच दगड," तो म्हणाला. खरेच होते. दीड हजार वर्षांपूर्वी कोणी माणसे या डोंगरात शिरली आणि त्यांनी हातात येईल त्या दगडात देवाला जागा केली. काळा दगड आणायला ती थांबली नाहीत.

डिचोलीचा नमाजगा धावत पाहिला, कारण ऊन चढले होते आणि नाटक्याची चप्पल तुटली होती. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला, तेव्हा १६८३ च्या सुमारास डिचोलीत होता. ती टेकडीवरची वास्तू त्याची म्हणून सांगतात. चप्पल शिवायला दहा रुपये पडले. वहीत 'ऐतिहासिक खर्च' या सदराखाली नोंद झाली.

तिसरा दिवस मोठा होता. नार्वे, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेट, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने जुने गोवे. पायी जाणाऱ्याला फेरीबोटीत तिकीट नाही, हे ऐकल्यावर हा मार्ग खजिनदारानेच नक्की केला होता. आईने पहाटे उठून भाकऱ्या आणि सुके बटाटे केले आणि एका जुन्या साडीच्या चौकोनी फडक्यात बांधून दिले. पिवळी साडी, हिरवे ठिपके.

नार्व्याचा सप्तकोटीश्वर हा कदंब राजांचा कुलदेव. त्याचा वरप्रसाद लाभलेले असे ते स्वतःला नाण्यांवर म्हणवून घेत. आमच्या कदंब बसगाड्यांना नाव मिळाले ते ह्यांचेच. या राजांची दुसरी राजधानी म्हणजे आपल्या खानापूरजवळची हळशी, आणि त्यांच्या शिलालेखांत कन्नड आहे. हे मी सांगितल्यावर गौडाने अशा नजरेने आजूबाजूला पाहिले की जणू सातबारा तपासायला आला आहे. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडीवर होते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते पाडले. देवाचे लिंग विहिरीपाशी टाकले होते, ते नारायण शेणवी सूर्यराव यांनी रातोरात नदीपार आणले असे सांगतात. पुढे १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी इथे देऊळ बांधायला लावले. त्याचा शके १५९० चा लेख दारावर आहे. चौघांनी माना वर करून तो अक्षर अक्षर लावून वाचला. २०२३ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला. ते लहान आहे, पण नीटनेटके आहे. समोर दीपस्तंभ, मागे झाडी. शिवाजी महाराजांचे नाव घेतले की आपण गडकोट आणि तोफा डोळ्यांपुढे आणतो. हा राजा दुसऱ्या कोणाच्या तरी कुळाचा देव पुन्हा जागेवर बसवायला एवढ्या लांबच्या गावात लक्ष घालतो, हे मला त्या दिवशी फार मोठे वाटले.

तिथून धक्क्यावर आलो. फेरीबोट सुटायच्या बेतात होती. आम्ही चढलो आणि मागोमाग चिऱ्यांनी भरलेला एक पिकअप चढला. फळी वर गेली. ड्रायव्हर खाली उतरला आणि कठड्याला हात टेकून उभा राहिला. मी पाठीवरूनच ओळखले.

मी काही बोललो नाही. खजिनदार सरळ त्यांच्यापाशी गेला. "काका, पलीकडे जुन्या देवळाचं तळं आहे म्हणतात, कोटितीर्थ. किती लांब पडेल?"

बाबांनी वळून त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते थांबले. मी बोलायची वाट पाहत होते, हे मला कळत होते. मी पाण्याकडे पाहू लागलो. अंगातला खाकी शर्ट खांद्यावर विरलेला, केसांत चिऱ्याची तांबडी पूड. "लांब नाही," ते खजिनदाराला म्हणाले, अगदी परक्याशी बोलावे तसे. "उतरल्यावर दाखवतो." आणि त्यांनी तोंड नदीकडे फिरवले.

नदी रुंद नाही. पण बोट पोचेपर्यंतचा तो वेळ मला अजून आठवतो. त्यांनी माझी लाज राखली होती, आणि माझी लाज म्हणजे तेच होते.

गौडा पिकअपच्या केबिनपाशी उभा होता. सीटवर एक डबा होता, पिवळ्या फडक्यात बांधलेला, हिरव्या ठिपक्यांच्या. त्याने ते फडके पाहिले, नाटक्याच्या हातातले आमचे गाठोडे पाहिले, आणि मग माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. तो बोलला असता तर मला सोपे गेले असते.

फळी खाली पडायला लागली तेव्हा मी म्हणालो, "हे माझे बाबा." आवाज चांगलाच चढला असावा, कारण बोटीतल्या चारपाच माणसांनी वळून पाहिले.

"बरोबर," बाबा म्हणाले. "चला, बसा चिऱ्यांवर. धरून बसा." आणि गौडाकडे वळून, "ऊटा आतेनप्पा?"

गौडाचे तोंड उघडे राहिले. जेवण झाले का, हे शुद्ध उत्तर कर्नाटकी कन्नडमध्ये, दिवाडी बेटावर! मग दोघे जे सुरू झाले ते थांबेनात. गौडा केबिनमध्ये, आम्ही तिघे चिऱ्यांवर. खिडकीतून येणाऱ्या शब्दांतून मला तुकडे कळत होते : हुबळी, होस्पेट, कोणता तरी धाबा. २०१२ नंतर दोन वर्षे बाबा परमुलखात ट्रक चालवत होते आणि महिन्यातून एकदा घरी येत. तिकडे ते कन्नड शिकले हे मला माहीत नव्हते. कन्नडचे एवढे विद्यार्थी आजूबाजूला असूनही मला अजून 'साकु'च्या पलीकडे फारसे येत नाही.

कोटितीर्थावर बाबा आमच्याबरोबर उतरले. जांभ्या दगडाचे तळे, पायऱ्या, भिंतीत चहूबाजूंनी लहान लहान कोनाडे. देऊळ नाही, देव नदीपलीकडे. पाण्यावर झाडाची पाने पडलेली. नाटक्याला इथे तरी काही म्हणायचे असेल असे वाटले, पण तोही गप्प होता. पायरीवर बसून पाचही जणांनी दोन्ही फडकी सोडली. बाबा म्हणाले, टिप्परच्या दिवसांत ह्या नदीतून बार्जची रांग लागायची, रात्रीसुद्धा दिवे दिसायचे. "तेव्हा हे तळं बघायला फुरसत नव्हती," असे म्हणून त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा गौडाला दिला. पिएदादच्या वाटेला एका घराचे बांधकाम चालू होते तिथे चिरे उतरवले. सगळ्यांनी हात लावला, पंधरा मिनिटांत गाडी रिकामी. मग त्यांनी आम्हाला पलीकडच्या धक्क्यावर सोडले आणि ते परत गेले, दुसरे भाडे होते.

जुन्या गोव्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, मी थोडक्यात आटपतो. फेरीबोटीतून उतरले की थोडे वर व्हाइसरॉयची कमान लागते. १५९७ च्या सुमाराची, वर वास्को द गामाचा पुतळा. पोर्तुगालहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय याच वाटेने समारंभाने शहरात शिरायचा. आमचे चौघांचे आगमनही तिथूनच झाले, तांबड्या धुळीने माखलेल्या पँटी घालून. सी कॅथेड्रल १५६२ मध्ये सुरू झाले आणि १६१९ मध्ये पुरे झाले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा उभा राहिला नाही. बॉम जेझूमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव आहे. दर्शनाच्या रांगेत नाटक्याने हळूच विचारले, कँटरबरीला अशीच रांग असेल का? असावी. आत अंधार, मेणाचा वास, सोन्याचा मुलामा. बाहेर आलो आणि खजिनदार भिंतीला हात लावायला गेला. पाटी पाहून त्याने हात मागे घेतला, पण दगड ओळखला होता. जांभाच. नुसत्या दर्शनी भागाला वसईहून आणलेला काळा दगड. "हरवळ्याला, तळ्याला, इथं... आणि सकाळी आपण उतरवला तोही," तो म्हणाला. मला हे सुचले नव्हते. वीस वर्षे त्याच दगडाच्या घरात राहून सुचले नव्हते.

रात्री पणजीमार्गे घरी आलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. खजिनदाराने आईसमोर चारशे रुपये ठेवण्याचा प्रयत्न केला. आईने ते पाहिलेच नाहीत असे केले आणि त्याच्याही पानात साखर वाढली.

बेळगावला परतल्यावर त्याने हिशेबाची वही सगळ्यांना सही करायला दिली. माणशी आठशेतले पाचशे चाळीस खर्च झाले होते. बस, चहा, चप्पल, देवापुढे ठेवलेले पैसे, सगळे दर दिवसाला लिहिलेले. तिसऱ्या दिवसाच्या पानावर होते : फेरीबोट, दोनदा, शून्य. दिवाडी बेटावरील प्रवास, शून्य. सौजन्य, आमच्या मित्राचा ट्रान्सपोर्टचा धंदा.

मी खाली सही केली. उरलेले पैसे हळशीच्या सहलीसाठी ठेवले आहेत. तिथे बाबांनाही न्यायचे असे गौडाने ठरवले आहे, आणि तारीख त्या दोघांनीच फोनवर, कन्नडमधून, ठरवली आहे.